परतीचं पाणी आधी मोजायचं: मांडवा ते खांदेरी, एका सकाळची फेरी

छोट्या बोटीची गडबड होते ती बहुतेक परत येताना. सकाळी सातला मांडव्याचं पाणी तळ्यासारखं असतं, वारा जमिनीवरून येणारा मतलई, जेमतेम अंगाला लागेल इतका. त्या पाण्याकडे बघून निघणारा माणूस दुपारच्या समुद्राचा विचारच करत नाही. बारानंतर वारा वायव्येकडून भरायला लागतो, जिथे सकाळी आरसा होता तिथे आखूड, उभ्या लाटा येतात आणि सकाळी अर्ध्या तासात कापलेलं अंतर सव्वा तासात सरत नाही. म्हणून आम्ही फेरी आखताना आधी परतायची वेळ ठरवतो आणि तिथून उलटं मोजत निघायच्या वेळेपर्यंत येतो.

इथे सांगतो आहोत ती फेरी माघ वद्य पंचमीची. बोट १८ फुटी, उघडी, फायबरची. मागे ४० अश्वशक्तीचं टू-स्ट्रोक आउटबोर्ड. माणसं पाच, बोटीच्या पाटीवर सहा लिहिलेली. जायचं खांदेरी या बेटावरच्या किल्ल्यापर्यंत, म्हणजे सुमारे सात सागरी मैल, किल्ल्यावर न उतरता लांबून बघून परत.

भरतीचा पहिला अंदाज किनाऱ्यावर सगळे करतात तोच: तिथीची पाऊणपट. पंचमी म्हणजे पाच, पाचाची पाऊणपट पावणेचार. तेव्हा भरती पहाटे आणि दुपारी पावणेचारच्या आसपास, आणि ओहोटी त्याआधी सव्वासहा तास, म्हणजे सकाळी साडेनऊला. मुंबई आणि रायगडच्या किनाऱ्यावर हा हिशेब अर्ध्या-पाऊण तासाच्या फरकाने जुळतो. पण तो फक्त वेळ सांगतो, उंची नाही. उंचीसाठी छापील तक्ता लागतोच. त्या दिवशी तक्त्यात भरती ३.९ मीटर, ओहोटी १.२ मीटर. फरक २.७.

हा फरक दर तासाला सारखा वाटला जात नाही. त्याचे बारा भाग करायचे. पहिल्या तासात पाणी एक भाग चढतं, दुसऱ्यात दोन, तिसऱ्या आणि चौथ्यात तीन-तीन, पाचव्यात दोन, सहाव्यात एक. उतरतानाही तसंच. २.७ चा बारावा भाग साधारण २२ सेंटीमीटर. म्हणजे साडेनऊला १.२ मीटर असलेलं पाणी साडेदहाला १.४ आणि साडेअकराला जवळजवळ १.९ होणार.

आता बोट नांगरतो त्या जागेचा तळ. तो एकदाच मोजून ठेवायचा असतो. वारा नसलेल्या दिवशी ऐन भरतीला बांबू रोवून खोली बघायची आणि तक्त्यातल्या त्या वेळच्या उंचीतून ती वजा करायची. आमच्या जागेचा चिखल तक्त्याच्या शून्यापेक्षा एक मीटर उंच निघाला. इंजिन पाण्यात सोडलं की बोटीला ६० सेंटीमीटर पाणी लागतं, म्हणजे तक्त्यात १.६ च्या वर असेल तरच आम्ही जागेवरून हलू शकतो किंवा जागेवर येऊ शकतो. पंचमीला सकाळी आठनंतर तिथून निघता येत नव्हतं आणि अकराच्या आधी परत येता येत नव्हतं. शेवटचे २० सेंटीमीटर चिखलाच्या भरवशावर सोडायचे नाहीत, म्हणून आम्ही निघायला पावणेआठ आणि परतायला सव्वाअकरा धरले. बारानंतर वारा. मग परतीला उरला सव्वाअकरा ते बारा एवढाच अवधी. त्या दिवसाचं सगळं वेळापत्रक या पाऊण तासाभोवती बांधलं. जाताना ओहोटीचा ओघ बाहेरच्या दिशेला, येताना भरतीचा ओघ आतल्या दिशेला, हा त्यातला मोठा फायदा. तोच दिवस अष्टमीचा असता, तर भरती सकाळी सहाला आणि ओहोटी दुपारी सव्वाबाराला: परतताना ओघ समोरून, वरून वायव्येचा वारा. बाहेरून आत येणारा वारा आणि आतून बाहेर जाणारं पाणी भिडलं की तेवढ्याच वाऱ्यात लाट दुप्पट उभी वाटते. अष्टमीला आम्ही ही फेरी ठेवत नाही.

वाऱ्याचा अंदाज आदल्या रात्री हवामान खात्याचा आणि इन्कॉइस या समुद्राचे अंदाज देणाऱ्या हैदराबादच्या सरकारी संस्थेचा, दोन्ही बघतो. १२ नॉटच्या (ताशी १२ सागरी मैल) वर वारा किंवा मीटरभराच्या वर लाट सांगितली असेल तर फेरी रद्द. हा आकडा आमच्या बोटीचा आहे. पावसाळ्याचे महिने तर विचारातच नाहीत. नारळी पौर्णिमेला कोळी समुद्राची पूजा करून मग होडी लोटतात. मौजेसाठी जाणाऱ्याने त्यांच्याआधी पाण्यात उतरायचं कारण नाही, आणि त्यांच्यानंतरही आम्ही समुद्र निवळेपर्यंत थांबतो.

पेट्रोल. नेहमीच्या वेगाला हे इंजिन ताशी १२ लिटरच्या आसपास पितं. जाऊन-येऊन आणि किल्ल्याभोवतीचा वळसा धरून १६ मैल, १४ नॉटने सव्वा तास, म्हणजे १५ लिटर. तेवढंच घेऊन निघणारे लोक आहेत. नियम तिसऱ्या हिश्शाचा: एक हिस्सा जायला, एक यायला, एक शिलकीत. लाटांमुळे बोट वेग घेऊन पाण्यावर उचलली जात नसेल आणि सात-आठ नॉटने पाणी ढकलत येत असेल, तर मैलामागे पेट्रोल दीड-दोनपट जातं, आणि ही वेळ नेमकी परतीलाच येते. म्हणून २४ लिटरची टाकी पूर्ण आणि १० लिटरचा कॅन वेगळा. टाकी बोटीतून बाहेर काढून जमिनीवर ठेवून भरायची. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, ती बोटीच्या तळाशी साचते आणि वाऱ्याने निघून जात नाही. तेल ५० ला १, म्हणजे लिटरमागे २० मिलिलिटर, २४ लिटरला ४८०. आधी अर्धं पेट्रोल, मग सगळं तेल, मग उरलेलं पेट्रोल, म्हणजे नीट मिसळतं. तेल कमी पडलं तर पिस्टन जाम होतो, जास्त झालं तर प्लग काळे पडून इंजिन मंद चालीवर बंद पडायला लागतं. मापाची बाटली वापरा, अंदाज नको.

सव्वासातला, उजाडल्यावर, बोटीवर. पहिलं काम तळाचं बूच. हाताने फिरवून घट्ट आहे ना बघायचं, नजरेने नाही. मग टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू उघडायचा. हा विसरला की गंमत अशी होते, इंजिन झटक्यात चालू होतं, पाच-दहा मिनिटं छान चालतं आणि बरोबर जेट्टीपासून लांब गेल्यावर बंद पडतं, कारण टाकीत हवा न शिरल्याने पेट्रोल ओढलंच जात नाही. रबरी पंप दाबताना त्याचं इंजिनाकडचं टोक वर धरायचं, कडक होईपर्यंत दाबायचं. कडक होतच नसेल तर जोडणीतल्या रबरी कड्यातून हवा येते आहे. ते कडं दहा-वीस रुपयांचं असतं, डब्यात दोन असू द्यावीत.

इंजिन चालू झालं की सगळ्यांनी मागे वाकून बघायचं ते पाण्याच्या धारेकडे. इंजिनाच्या बाजूच्या बारीक भोकातून पाण्याची सलग धार बाहेर पडायला हवी. दोन-तीन मिनिटांनी तिच्याखाली बोट धरलं की पाणी कोमट लागतं. धार तुटक आली, किंवा आलीच नाही, तर लगेच इंजिन बंद. आधी इंजिन वर उचलून खालच्या जाळीवर प्लॅस्टिकची पिशवी बसली आहे का बघायचं. आपल्या खाड्यांत हेच कारण जास्त वेळा निघतं. मग भोकात पातळ तार घालून चिखल मोकळा करायचा. तरीही धार नाही, तर आतल्या पंपाचं रबरी चक्र गेलेलं आहे आणि त्या दिवशीची फेरी तिथेच संपली. गढूळ, रेतीच्या पाण्यात हे चक्र लवकर झिजतं. आम्ही दर मोसमाच्या सुरुवातीला नवीन घालतो, जुनं चांगलं दिसलं तरी.

त्यानंतर लाल दोरी. एक टोक चालवणाऱ्याच्या मांडीला किंवा जॅकेटला, दुसरं किल स्विचला. चालवणारा पडला की इंजिन थांबलं पाहिजे, नाहीतर रिकामी बोट गोल फिरत पडलेल्या माणसावरच परत येते. दोरी लावणं पुरेसं नाही, ती रोज ओढून बघायची. खाऱ्या हवेने आतला स्विच चिकटतो, आणि दोरी निघाली तरी इंजिन चालूच राहतं. ही चाचणी पाच सेकंदांची आहे, टाळू नका.

जॅकेटं पाचही जणांच्या अंगावर, जमिनीवर असतानाच. बसल्या जागेखाली ठेवलेलं जॅकेट पाण्यात काही कामाचं नाही. १८ डिसेंबर २०२४ ला मुंबई बंदरात इंजिनाची चाचणी घेणारी नौदलाची वेगवान बोट नीलकमल या प्रवासी बोटीवर आदळली, तेव्हा दिवसाउजेडी, भरवर्दळीच्या पाण्यात काय घडू शकतं ते सगळ्यांनी पाहिलं. धडक व्हायच्या आधी पट्टे बांधायला वेळ मिळत नाही. माप बघायची रीत सोपी: पट्टे आवळून झाल्यावर दुसऱ्याने खांद्याजवळ धरून जॅकेट वर ओढायचं. ते हनुवटीच्या वर सरकलं तर मोठं आहे किंवा पट्टा सैल आहे. लहान मुलाच्या जॅकेटला पायांमधून जाणारा पट्टा हवाच, नाहीतर मूल खाली घसरतं आणि जॅकेट तेवढं वर तरंगतं. खिशाला शिटी बांधलेली असावी.

पाचांपैकी एकाला आम्ही निघण्यापूर्वीच सांगून ठेवतो: कोणी पडलं तर तू फक्त त्याच्याकडे हात करून उभा राहायचं, नजर हटवायची नाही. अर्ध्या मीटरच्या लाटेतही पन्नास मीटरवरचं डोकं दिसेनासं होतं. चालवणाऱ्याने ज्या बाजूला माणूस पडला त्याच बाजूला सुकाणू वळवायचं, म्हणजे मागचा पंखा माणसापासून दूर जातो. वळसा घेऊन वाऱ्याला तोंड देत हळू जवळ यायचं आणि हाताच्या अंतरावर आल्यावर इंजिन पूर्ण बंद. न्यूट्रल नाही, बंद. मागे घेत माणसाकडे कधीही जायचं नाही. ओल्या कपड्यातला माणूस बाजूने ओढून घ्यायला दोघंही कमी पडतात. दोरीचा एक फास काठावरून गुडघाभर खाली सोडला की त्याला पायरी मिळते.

नांगरलेल्या होड्यांमधून आणि जेट्टीजवळून आम्ही पाच नॉटच्या आत जातो. आपल्या बोटीने उठवलेल्या लाटेची जबाबदारी आपलीच. जाळं विणत बसलेल्या माणसाची होडी आपल्या लाटेने हेलपाटली तर ती आपलीच चूक. मांडव्याला येणाऱ्या मोठ्या प्रवासी बोटींची लाट उलट आपल्याला लागते. ती बाजूने घ्यायची नाही, वेग उतरवून नाळ, म्हणजे बोटीचं पुढचं टोक, साधारण ४५ अंशात तिच्यावर घालायची आणि सगळ्यांना बसायला सांगायचं. नाळेवर पाय सोडून बसणं आम्ही कोणालाच करू देत नाही. तिथून पडणारा माणूस थेट बोटीखालून पंख्याकडे येतो.

रस्त्याचे नियम १९७२ च्या आंतरराष्ट्रीय करारातले, आणि ते मौजेच्या बोटीलाही लागू आहेत. समोरासमोर आलो तर दोघांनी उजवीकडे वळायचं. आडव्या मार्गात दुसरी बोट आपल्या उजव्या हाताला असेल तर तिला वाट आपण द्यायची. मागून पुढे जाणाऱ्याने स्वतः लांबून जायचं. समुद्रातून बंदरात येताना आपल्याकडे लाल बोया डाव्या हाताला, हिरवा उजव्या हाताला. एक अडचण नेहमी येते: लांबचं जहाज आपल्यावर येतंय की निघून जातंय ते कळत नाही. बोटीच्या एखाद्या खांबाच्या रेषेत ते धरून ठेवा, आपली दिशा न बदलता. मिनिटाभराने ते रेषेतून पुढे किंवा मागे सरकलं तर ठीक. तिथेच राहून नुसतं मोठं होत असेल, तर तुम्ही आणि ते एकाच ठिकाणी पोहोचणार आहात. कंटेनरच्या जहाजाला वळायला आणि थांबायला मैल लागतो, आणि त्याच्या नाळेपुढचं बरंच पाणी वरून दिसतच नाही. मोठ्या जहाजांचा मार्ग या फेरीत पश्चिमेला राहतो, तरी त्याच्या काठाला जायचं नाही.

खरं लक्ष लागतं ते जाळ्यांसाठी. या पट्ट्यात डोलजाळी ओघाच्या तोंडाला लावलेली असतात, शिवाय वाहत्या जाळ्यांच्या लांबच लांब रांगा. दिसतात ते फक्त थर्माकोलचे तुकडे, डबे, काठीवरचं काळं फडकं. दोन खुणांच्या मधलं पाणी रिकामं दिसतं, पण तिथेच पाण्याच्या अगदी खाली दोर असतो. वेग कमी करायचा, पहिल्या खुणेपासून नजरेने दुसरी शोधायची, ती सापडेपर्यंत पुढे जायचं नाही, आणि टोकाला वळसा घालायचा. पंख्यात दोर अडकला तर पहिल्यांदा इंजिन बंद, लाल दोरी काढून खिशात. मग नाळेवरून नांगर टाकायचा, म्हणजे बोट आडवी होऊन लाटा घेत नाही. त्यानंतरच इंजिन वर उचलायचं. दोर ज्या दिशेने गुंडाळला गेला त्याच्या उलट, पंखा हाताने फिरवत, एकेक वेढा सोडवायचा. तो बहुधा सुटतो, दहा मिनिटं लागतात. सुरी शेवटी. कापावाच लागला तर दोन्ही टोकं एकमेकांना घट्ट बांधून पाण्यात सोडायची. कापून तसंच सोडलेलं जाळं वाहून जातं आणि एखाद्या घराची महिन्यांची कमाई त्याबरोबर जाते. किनाऱ्यावर आल्यावर जागा सांगून भरपाईचं बोलणंही आपणच काढावं.

सव्वाआठ-साडेआठच्या सुमाराला खांदेरी. किल्ल्याभोवती खडक आहेत आणि इथल्या गढूळ पाण्यात तळाचा रंग दिसत नाही, त्यामुळे रंगावरून खोली ओळखायची सवय इथे चालत नाही. लाट जिथे विनाकारण पांढरी होते ती जागा लक्षात ठेवायची आणि तटापासून तीनशे मीटर तरी दूर राहायचं. १६७९ मध्ये मराठ्यांच्या आरमारातल्या मायनाक भंडारींच्या लोकांनी इंग्रजांच्या जहाजांचा वेढा चुकवून याच बेटावर सामान पोहोचवलं, ते उथळ पाण्यात चालणाऱ्या छोट्या होड्यांच्या आणि भरती-ओहोटीच्या ज्ञानाच्या बळावर. तोच उथळपणा अनोळखी माणसाची बोट फोडतो.

नांगरलो तेव्हा खोली ५ मीटर. त्यात पाण्यापासून नाळेपर्यंतची अर्धा मीटर उंची मिळवून पाचपट, म्हणजे २८ मीटर. आम्ही ३० मीटर दोर सोडला, त्यातली पुढची ४ मीटर साखळी. दोर कमी सोडला तर नांगर वर ओढला जाऊन तळावर घसरतो. दोर नेहमी नाळेवरून. मागच्या बाजूने नांगरलेल्या बोटीत लाट थेट इंजिनावरून आत येते. आणि साडेनऊनंतर ओघ उलटला की बोट नांगराभोवती फिरून पलीकडे जाते. तेव्हा नांगर टाकतानाच चारही बाजूंना ३० मीटरच्या वर्तुळात खडक नाही ना, ते बघायचं. किनाऱ्यावरची दोन झाडं किंवा झाड आणि घर एका रेषेत धरून ठेवली की घसरतोय का ते लगेच कळतं. दीपगृहाच्या सोबतीला चहा घेताना त्या रेषेकडे एकाची नजर होतीच. मद्य बोटीवर नाही, परतल्यावरही इंजिन धुऊन होईपर्यंत नाही.

साडेदहाला नांगर वर. त्या दिवशी वारा थोडा आधी फिरला आणि अकराच्या सुमाराला डाव्या नाळेवर अर्ध्या-पाऊण मीटरच्या लाटा आल्या. अशा वेळी वेग ठेवला तर बोट आपटते, पाठीला मार बसतो आणि फायबरला तडे जातात. आम्ही आठ-नऊ नॉटवर आलो, दोघांना पुढे सरकवलं म्हणजे नाळ खाली राहते, आणि लाट थोडी तिरकी घेतली. लाटा मागून येत असतील तेव्हा उलट धोका: उतारावरून बोट घसरत पुढच्या लाटेत नाक खुपसते किंवा आडवी फिरते. तेव्हा लाटेच्या पाठीवर राहायचं, तिच्यापुढे पळायचं नाही.

निघताना किनाऱ्यावरच्या एकाला मार्ग, माणसांची संख्या आणि वेळ लिहून दिलेली असते: साडेबारापर्यंत फोन आला नाही तर तटरक्षक दलाला १५५४ वर कळवायचं. बोटीवर व्हीएचएफ रेडिओ, १६ नंबर चॅनल चालू. संकटात आधी जागा सांगायची, मग माणसं किती, मग काय झालं. बोलणं मध्येच तुटलं तरी जागा ऐकणाऱ्याला कळलेली असते. बोट उलटली तरी ती तरंगते. तिला धरून राहायचं, किनारा कितीही जवळ दिसला तरी पोहत निघायचं नाही.

साडेअकराला जागेवर. फोन केला. मग गोडं पाणी लावून इंजिन दहा मिनिटं चालवलं, शेवटी पेट्रोलची नळी काढून ते आपोआप बंद पडू दिलं, म्हणजे कार्बोरेटरमध्ये तेल-पेट्रोल सुकून बसत नाही. पंखा काढून त्यामागचा दांडा पाहिला. तिथे गुंडाळलेला मासेमारीचा तंगूस बाहेरून दिसत नाही, पण तो आतलं सील कापतो आणि गिअरच्या तेलात पाणी शिरतं. खालचा स्क्रू जरासा सैल करून चमचाभर तेल बघायचं. ते दुधाळ निघालं तर सील बदलेपर्यंत बोट पाण्यात जात नाही.